कंपनीचा लॅपटॉप, आपलं आडनाव आणि संघटना

जतहून पुण्याला जाणारी रात्रीची गाडी पूर्वी बांधकामावर आणि कारखान्यात कामाला जाणाऱ्यांनी भरलेली असायची. आजही असते. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या गाडीत पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेली आपली मुलंमुलीही दिसू लागली आहेत. तालुका कायम दुष्काळी. पूर्वेकडच्या गावांनी म्हैसाळच्या पाण्याची वाट पाहण्यात दोन पिढ्या घालवल्या. शेती असलीच तर ती कुसळं उगवणारी. अशा घरातून शिष्यवृत्तीवर, समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून शिकलेला मुलगा हिंजवडीत किंवा खराडीत नोकरीला लागतो, तेव्हा त्याचा पगार एकट्याचा नसतो. त्यात धाकट्या बहिणीची फी असते, घराचा स्लॅब असतो, आईची औषधं असतात.

मागच्या सुट्टीत अशा पंधरा-वीस जणांबरोबर आम्ही जतमध्ये बसलो होतो. विषय अर्थातच नोकरकपातीचा होता. त्यातल्या एकाने सांगितलेली हकीकत अशी : त्याच्या टीममधल्या चाळीसेक जणांनी एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला होता. सक्तीने राजीनामे मागितले तर काय करायचं, एवढीच त्यात चर्चा. तिसऱ्या दिवशी त्याला एचआरने बोलावलं. टेबलावर त्याच्याच मेसेजच्या स्क्रीनशॉटची प्रिंट ठेवलेली होती. नोकरी गेली नाही, पण पुढच्या अप्रेझलमध्ये त्याचं रेटिंग घसरलं आणि ग्रुप त्याच रात्री रिकामा झाला. कंपनीचं नाव आम्ही इथे देत नाही, कारण नाव दिलं की मुलगा ओळखू येईल. त्याने आम्हाला विचारलं, "दादा, मग आम्ही एकत्र यायचंच नाही का?"

प्रश्न एकट्या त्याचा नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातल्या आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून एकट्या पुण्यात सुमारे अडीच हजार जणांना राजीनामे द्यायला भाग पाडल्याचा आरोप केला. कंपनीने तो फेटाळला. त्याच ऑगस्टमध्ये कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयाबाहेर फुटपाथवर झोपलेल्या एका कर्मचाऱ्याचा फोटो, त्याच्या हस्ताक्षरातल्या पत्रासकट देशभर फिरला. पगार थकल्याची त्याची तक्रार होती. तो विनापरवानगी गैरहजर होता, असं कंपनीचं म्हणणं. फोटो फिरला म्हणून प्रकरणाची दखल घेतली गेली, हे खरं. पण त्या माणसाचं नाव आणि अक्षर आता कायमचं इंटरनेटवर आहे, हेही तितकंच खरं. उद्या दुसरीकडे मुलाखतीला गेला तर समोरचा आधी हेच शोधेल. त्याने सगळं उघड करायचं ठरवलं होतं की त्याच्यापुढे दुसरा रस्ताच उरला नव्हता, हे आपण बाहेरून सांगू शकत नाही. संघटना मात्र असा निर्णय एकट्या माणसावर सोडत नाही.

आधी हक्काचं बोलू. आयटीतल्या माणसाला युनियन करता येत नाही, हा समज कंपन्यांनी इतका पसरवला आहे की आपली शिकलेली पोरंही तेच बोलतात. कायद्यात 'कामगार' या शब्दात तांत्रिक काम करणारा माणूस आधीपासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे. वगळलेले आहेत ते व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणारे, आणि १८ हजारांहून जास्त पगार घेणारे पर्यवेक्षक. म्हणूनच कोड लिहिणाऱ्या पोराला 'लीड', 'असोसिएट मॅनेजर' अशा पदव्या वाटल्या जातात तेव्हा आम्हाला थोडी शंका येते. पद काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता, हे न्यायालय बघतं. तेव्हा आपण रोज काय काम करतो याची नोंद ज्याने-त्याने स्वतःच्या वहीत ठेवावी.

आता त्या स्क्रीनशॉटकडे येऊ. तो कसा पोहोचला? जतच्या बैठकीत लगेच तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं फोन हॅक झाला असेल, कुणी पेगाससचं नाव घेतलं. आम्हाला विचाराल तर शंभरात नव्वद वेळा उत्तर यापेक्षा साधं असतं. ग्रुपमधल्याच कुणीतरी दाखवला. घाबरून असेल, नाहीतर साहेबांच्या मर्जीत राहण्यासाठी. किंवा कुणीतरी कंपनीच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअॅप वेब उघडं ठेवलं होतं.

हे दुसरं कारण नीट समजून घ्या. कंपनीचा लॅपटॉप कंपनीचा असतो. त्यावर काय चालू आहे ते पाहणारं सॉफ्टवेअर आयटी विभाग आधीच टाकून ठेवतो. कोणती साइट उघडली, कोणती फाइल पेनड्राइव्हवर घेतली, याची नोंद होते. काही ठिकाणी ठरावीक वेळाने स्क्रीनचा फोटोही घेतला जातो. व्हॉट्सअॅपचा मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाही, पण तुमच्या स्क्रीनवर तो उघडाच असतो. कुलूप रस्त्याला आहे, घराला नाही. टीम्स किंवा स्लॅकवर दोघांतच केलेलं 'खासगी' चॅटसुद्धा कंपनीच्या अॅडमिनला काढून घेता येतं. ऑफिसच्या मेलवरून बनवलेला गुगल फॉर्म ऑफिसचाच. आणि ऑफिसचं अॅप वापरता यावं म्हणून तुम्ही स्वतःच्या मोबाईलवर 'वर्क प्रोफाइल' टाकून घेतली असेल, तर कंपनीला आत काय दिसतं आणि काय पुसून टाकता येतं, ते सेटिंगमध्ये जाऊन एकदा वाचा. तिथे लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही एवढंच. ऑफिसच्या वायफायवर कोणत्या साइटला जाता तेही दिसतं. संघटनेचं काम स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या डेटा पॅकवर, जमलं तर ऑफिसच्या आवाराबाहेर.

व्हॉट्सअॅपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. म्हणजे चाळीस जणांत एक फुटला की चाळीस नंबर गेले. बॅकअप गुगल ड्राइव्हवर जात असेल आणि त्याला वेगळं कुलूप लावलेलं नसेल, तर जुनं सगळं तिथे पडून असतं. सिग्नलमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून नंबर लपवून नुसतं युजरनेम देता येतं, मेसेज ठरावीक वेळाने आपोआप पुसले जातात. ते वापरावं. पण एक लक्षात ठेवा, सिग्नलवरच्या मेसेजचाही दुसऱ्या फोनने फोटो काढता येतो. चाळीस अनोळखी लोकांचा ग्रुप कोणत्याही अॅपवर सुरक्षित नसतो. आधी दोघांनी चहाच्या टपरीवर बोलायचं, मग चौघांनी. माणूस समोर बसवून पारखायचा. ग्रुप सगळ्यात शेवटी करायचा, तोही तारीख, वेळ, ठिकाण कळवण्यापुरता. याच सातारा-सांगलीच्या गावांनी बेचाळीसनंतर प्रतिसरकारची माणसं वर्षानुवर्षं सांभाळली. ती सांभाळली गावाच्या तोंडाला असलेल्या कुलपाने.

कंपन्या कामगाराला काढताना 'युनियन केली म्हणून' असं कधी लिहीत नाहीत. बऱ्याचदा 'माहिती सुरक्षेच्या धोरणाचा भंग' हे कारण पुढे येतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये गुगलने अमेरिकेत चौघांना याच कारणाने काढलं. आपण संघटना बांधत होतो म्हणून काढलं, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्षभराने तिथल्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने तक्रार दाखल केली आणि कंपनीने कर्मचाऱ्यांवर बेकायदा पाळत ठेवली, काहींना बेकायदा काढलं, असा ठपका ठेवला. आपल्याकडे तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं ४३ आणि ६६ कलम आहे. परवानगीशिवाय आणि अप्रामाणिक हेतूने संगणकातला डेटा कॉपी केल्याचं ठरलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून रागाच्या भरात क्लायंटची फाइल, अंतर्गत अहवाल, इतरांच्या पगाराची यादी बाहेर काढू नका. त्याने लढा बळकट होत नाही, समोरच्याच्या हातात कोलीत मात्र मिळतं. तुमचं स्वतःचं नेमणूकपत्र, पगारपत्रकं, अप्रेझलची पत्रं आधीपासून घरी ठेवा. एचआरने केबिनमध्ये बोलावून, फोन बाहेर ठेवायला लावून राजीनामा मागितला, तर बाहेर आल्याबरोबर वहीत लिहा : तारीख, वेळ, कोण होतं, नेमके शब्द काय. आणि त्याच दिवशी स्वतःच्या खासगी मेलवरून एचआरला कळवा की आज असं-असं बोलणं झालं.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही जातीच्या आयटी कामगाराला लागू आहे. आपल्या मुलांवर मात्र आणखी एक नजर असते, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरची नाही.

२०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला. तक्रारदार दलित अभियंता. त्याचं नाव कागदपत्रांत 'जॉन डो', म्हणजे आपल्याकडचं 'अबक'. त्याचा वरिष्ठ आयआयटीतला त्याचा ओळखीचा. हा अनुसूचित जातीचा आहे, आरक्षणातून आयआयटीत आला, हे वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितलं, असा आरोप होता. दोन वरिष्ठांविरुद्धची कारवाई राज्याने २०२३ मध्ये मागे घेतली, कंपनीविरुद्धची चालू ठेवली. निकाल काय लागायचा तो लागो, पण सुरुवात कुठून झाली ते बघा. एका माणसाची एक खासगी माहिती दुसऱ्याने चारचौघांत सांगितली. हजारो मैलांवर, जिथे कुणाला जात कळण्याचं कारण नव्हतं, तिथे एका प्रवेशयादीच्या आठवणीने ती पोहोचली. खटल्यानंतर अमेरिकेतल्या तीस दलित महिला अभियंत्यांनी आपले अनुभव सांगणारं निवेदन वॉशिंग्टन पोस्टकडे दिलं. नावं दिली नाहीत. तरी ते निवेदन जगभर वाचलं गेलं. तिसांनी मिळून बोलल्यावर एकीला शोधून काढणं अवघड झालं. नाव न देता सामूहिक बोलणं हा भित्रेपणा मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावं.

आपल्या पोरांची जात कशी उघड होते याची यादी जतच्या बैठकीत आपोआप तयार झाली. आडनाव. लिंक्डइनवर अभिमानाने लिहिलेली शिष्यवृत्ती. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षं पडून राहिलेली प्रवर्गानुसार गुणवत्ता यादी. चौदा एप्रिलचा डीपी. एक मुलगी म्हणाली, "ताई, सहा डिसेंबरला मी स्टेटस ठेवते, पण ऑफिसच्या लोकांपासून लपवून. मग दिवसभर मला स्वतःचाच राग येतो." यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं आणि आजही नाही. बाबासाहेबांचा फोटो लपवायला आम्ही कुणाला सांगणार नाही. कुणी लपवला म्हणून बोलही लावणार नाही. कुणाला काय कळावं हे तिने ठरवावं, एचआरने किंवा शेजारच्या टेबलने नव्हे. गोपनीयतेचा हक्क म्हणतात तो हाच.

संघटनेच्या आतही हे भान लागतं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धागा तोंडाने ओला करावा लागतो, मग बाट होईल, ही सबब. त्या काळातल्या लाल बावट्याच्या युनियनने हा प्रश्न ऐरणीवर घेतला नाही, म्हणून बाबासाहेबांनी तिला धारेवर धरलं. आणि तरीही ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला. हे दोन्ही एकाच वेळी धरायला हवं. आयटीतल्या युनियनमध्ये जा, जरूर जा. पण सभासदांची यादी कुणाच्या हातात आहे, ग्रुपचा अॅडमिन कोण, अर्जात जातीचा रकाना का आहे आणि ती माहिती कुठे साठवली जाते, हे विचारा. विचारल्यावर कुणी 'इथे जात कुठे आणता' म्हणालं, तर थोडं सावध व्हा.

तंत्रज्ञानाची दुसरी भीती आपल्या चळवळीने जवळून पाहिली आहे. एल्गार परिषद प्रकरणात जून २०१८ मध्ये अटक झालेले रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत बचाव पक्षाने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगकडे तपासायला दिली. फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात त्या संस्थेने म्हटलं की जून २०१६ मध्ये एका परिचिताच्या मेल खात्यावरून आलेली फाइल उघडली गेली, तिच्यातून 'नेटवायर' हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर आत शिरलं, पुढे बावीस महिने लॅपटॉप दुसऱ्याच्या ताब्यात राहिला आणि पुरावा म्हणून मांडलेल्या फाइली एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवल्या गेल्या. तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही. डॉ. आनंद तेलतुंबडे यांचं नाव २०१९ मध्येच पेगाससने लक्ष्य केलेल्यांमध्ये आलं होतं. आयटीत काम करणाऱ्या मुलाने एवढं घाबरावं का? रोज नाही. पण त्या अहवालातली एक गोष्ट सगळ्यांच्या कामाची आहे : फाइल ओळखीच्या माणसाच्या नावाने आली होती. म्हणून ओळखीच्या माणसाकडून अनपेक्षित फाइल किंवा लिंक आली तर उघडण्याआधी त्याला फोन करा. फोनचं आणि अॅपचं अपडेट टाळू नका. व्हॉट्सअॅपला सहा आकडी पिन लावा. ज्या फोनवर संघटनेचं काम चालतं तो घरातल्या लहानग्याला गेम खेळायला देऊ नका. शेवटचं ऐकून जतमध्ये सगळे हसले, आणि मग दोघांनी गुपचूप फोन पाहिला.

आता एक जुना कागद. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केलं. शेतजमीन आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, ही त्यातली मागणी आपल्याला माहीत आहे. त्याच निवेदनात नागरिकाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देणारं कलमही आहे. त्याकडे आपलं लक्ष जात नाही. संविधान सभेच्या कामकाजात या विचाराला बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी हरकत घेतली आणि तो मूलभूत हक्कांत आला नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालपत्रात या इतिहासाची नोंद आहे. म्हणजे गोपनीयता ही सुखवस्तू लोकांची चैन आहे, असं कुणी म्हणालं तर हा कागद दाखवायचा. ज्याच्या झोपडीला कडी नव्हती त्या समाजाच्या वकिलाने ती मागितली होती.

पण तो हक्क मुख्यतः सरकारसमोरचा. कंपनीसमोर काय? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. आम्ही तो आशेने वाचायला घेतला. कलम ७ मध्ये संमतीशिवाय माहिती वापरता येण्याची कारणं दिली आहेत आणि त्यात 'नोकरीच्या प्रयोजनासाठी' हेही एक आहे. मालकाला नुकसानीपासून वाचवणं, व्यापारी गुपितं सांभाळणं, असं त्याचं स्वरूप. एवढ्या रुंद दारातून काय-काय आत येईल, ते न्यायालयात ठरेल. युनियनची चर्चा हेही 'नुकसान' आहे, असं कुणी मालक उद्या म्हणणार नाही याची खात्री आम्हाला नाही. कामगार संघटनांनी या कलमाचा अभ्यास आजच करायला हवा, आणि आपल्या समाजात वकील कमी नाहीत.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचं आमचं उत्तर : एकत्र यायचंच, पण कोणती गोष्ट कधी उघड करायची ते आधी ठरवून. कायम लपून युनियन चालत नाही. नोंदणीच्या अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या लागतात. शिवाय आस्थापनेतले किंवा त्या उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद लागतात. सही झाली की ती सात नावं उघड. आणि उघड झाल्यावर संरक्षणही येतं, कारण संघटनेत भाग घेतला म्हणून कामगाराला त्रास देणं कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९७१ चा वेगळा कायदा झाला, नव्या संहितेच्या परिशिष्टातही ती यादी आहे. धोक्याचा काळ मधला असतो, पहिल्या चहापासून सातव्या सहीपर्यंतचा. सगळी काळजी त्या काळात घ्यायची.

सात नावं कुणाची, यावर जतमध्ये बराच वेळ गेला. पोरं पटापट हात वर करत होती. आम्ही थांबवलं. ज्याच्या एकट्याच्या पगारावर घर चालतं, ज्याचं शैक्षणिक कर्ज फिटायचं आहे, जो अजून प्रोबेशनवर आहे, त्याचं नाव पहिल्या सातात नको. आणि सातही नावं आपल्याच समाजाची नकोत. तसं झालं तर कंपनी तिला जातीची संघटना म्हणून मोकळी होईल, आणि सातही जण एका यादीत सापडतील. इतर समाजातले चार मित्र तयार करायचं काम ज्याने-त्याने पुण्याला जाऊन करायचं ठरलं.

यादी अजून पूर्ण झालेली नाही. जेवढी झाली ती कुणाच्याही फोनमध्ये नाही. एका शाळेच्या वहीच्या मधल्या पानावर आहे आणि वही कुणाकडे आहे हे दोघांनाच माहीत आहे. निघताना त्या मुलीने विचारलं, "ताई, बैठकीचा फोटो काढायचा का?" आम्ही नाही म्हणालो. मग तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं, स्टेटसला टाकू नका रे. रात्रीच्या गाडीला अजून तास होता.